सरहद्द प्रांताचा भूगोल : डोंगर, नदी आणि माणूस

रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही सम्राट अशोकाच्या शिलालेखांचा नकाशा भिंतीवर टांगला होता. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "काका, एक लेख आपल्या सोपाऱ्याला आणि दुसरा पार पाकिस्तानात, शाहबाजगढीला. तिथल्या डोंगरात तो वाचायला कोण जात होते?" प्रश्न मार्मिक होता. त्याचे उत्तर त्या प्रांताच्या भूगोलात आहे.

हा प्रांत इंग्रजांनी १९०१ साली पंजाबपासून वेगळा काढला. 'सरहद्द गांधी' खान अब्दुल गफारखान यांच्यामुळे आपल्या वडीलधाऱ्यांना त्याचे जुने नाव ठाऊक आहे : वायव्य सरहद्द प्रांत. २०१० साली त्याचे नाव खैबर पख्तुनख्वा झाले आणि २०१८ साली अफगाण सीमेलगतचा टोळ्यांचा मुलूख त्यात सामील झाला.

उत्तरेकडून खाली येऊ लागलो की या प्रांताचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. पहिला उंच पर्वतांचा. चित्राल येथे हिंदुकुश पर्वताचे सर्वात उंच शिखर तिरिचमीर आहे, उंची ७,७०८ मीटर. आपल्याकडे घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि पलीकडे माण-खटाव कोरडे, तसेच इथे. दक्षिणेकडचे डोंगर मोसमी पाऊस अडवतात. चित्रालची शेती बर्फाच्या पाण्यावर चालते. २०१७ साली लोवारीचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा सुरू होईपर्यंत हिवाळ्यात बर्फाने खिंड बंद पडे आणि माणसे अडकून पडत. स्वात आणि हजारा भागात मात्र पाऊस बरा, देवदार-चीडची जंगले आहेत.

दुसरा भाग पेशावरच्या सपाट, सुपीक खोऱ्याचा. इथे ऊस, गहू, तंबाखू पिकतो. पश्चिमेला खैबर खिंड, उत्तरेला स्वातकडे नेणारी मलाकंद खिंड. तिसरा भाग दक्षिणेचा : कोहाट, बन्नूची डोंगरांनी वेढलेली मैदाने, कडेला वझिरिस्तानचे उघडे डोंगर आणि शेवटी डेरा इस्माईलखानचा कोरडा, तापलेला प्रदेश. तिथे डोंगरातून येणारे पावसाळी लोंढे बांध घालून शेतात वळवतात.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. खिंडींतून उतरणाऱ्या वाटा पेशावरच्या खोऱ्यात एकत्र येत. शाहबाजगढी अशाच जुन्या हमरस्त्यावर आहे. व्यापारी, भिक्खू, शेतकरी तिथूनच जात. म्हणून लेख तिथे कोरला, आणि तोही तिथल्या लोकांच्या, उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या खरोष्ठी लिपीत. सोपाऱ्याचा लेख ब्राह्मीत आहे. ज्याला सांगायचे, त्याला त्याच्या अक्षरांत सांगावे, ही अशोकाची रीत.

१८९३ साली इंग्रजांनी अफगाणिस्तानची सीमा आखली, ती ड्युरँड रेषा. पण पाणी तिला जुमानत नाही. चित्रालची नदी सीमा ओलांडून अफगाणिस्तानात जाते, काबूल नदीला मिळते आणि तेच पाणी पुन्हा पेशावरच्या खोऱ्यात परत येते. चारसद्द्याजवळ स्वात नदी तिला मिळते आणि अटकेजवळ सारे पाणी सिंधूत जाते. आपल्या 'अटकेपार'मधले अटक ते हेच!

हेच पाणी कोपले की काय होते, ते २०१० साली दिसले. स्वात खोऱ्यातले पूल वाहून गेले, खाली नौशेरा शहर बुडाले. २०२२ साली पात्रालगत बांधलेली हॉटेले कोसळली. ऑगस्ट २०२५ मध्ये बुनेरच्या डोंगरात पावसाचा लोंढा आला आणि दोनशेंहून अधिक माणसे दगावली. जंगल तुटले, नदीच्या पात्रात घरे आली, की पाऊस जास्तच घातक होतो. २६ जुलै २००५ रोजी मिठी नदीकाठच्या वस्त्यांत ज्यांचा संसार वाहून गेला, त्यांना हे निराळे सांगायला नको.

वाचक बंधू-भगिनींनो, मुलांचा भूगोल गुणांपुरता ठेवू नका. या रविवारी नकाशा जमिनीवर पसरा आणि चित्रालच्या नदीवर मुलांना बोट फिरवू द्या. मग आपल्या वस्तीजवळच्या नाल्याचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, तेही त्यांना दाखवा.