चांदी वर आली, नावे तळाशीच राहिली

समुद्राच्या पोटात गेलेले परत मिळत नाही, असे आपल्या किनाऱ्यावरची वडीलधारी मंडळी सांगत आली. हा समज आता पूर्णांशाने खरा राहिलेला नाही. 2011 साली आयर्लंडच्या नैर्ऋत्येस, किनाऱ्यापासून सुमारे 300 मैलांवर, 4,700 मीटर खोल पाण्यात एका जहाजाचा सांगाडा सापडला. सुप्रसिद्ध 'टायटॅनिक' जेथे पडली आहे त्याहूनही ही जागा खोल. 2012 आणि 2013 या दोन वर्षांत यांत्रिक हातांनी त्या काळोखातून चांदीच्या 2,792 लगडी वर काढण्यात आल्या. वजन शंभर टनांच्या घरात. उद्धाराचे काम करणाऱ्या अमेरिकन कंपनीने कराराप्रमाणे ऐंशी टक्के वाटा घेतला, उरलेला ब्रिटिश सरकारला मिळाला. ब्रिटनच्या शाही टांकसाळीने त्यातल्या काही चांदीची नाणीही पाडली. एकूण हिशेब चोख झाला.

या जहाजाचे नाव होते 'गेरसप्पा'. गोव्याहून कारवार-होनावरच्या वाटेने दक्षिणेस जाणाऱ्याला हे नाव परके नाही. शरावतीचा जो प्रपात शाळेच्या भूगोलात आपण 'गिरसप्प्याचा धबधबा' म्हणून शिकलो, त्याच्या पायथ्याकडचे हे गाव. पोर्तुगीजांनी जिला 'मिरीची राणी' म्हटले त्या चेन्नभैरादेवीचे हे ठाणे. ब्रिटिश इंडिया कंपनीला आपल्या जहाजांना हिंदुस्थानातील स्थळांची नावे देण्याची हौस होती. नाव आमचे, चांदी कलकत्त्याच्या बंदरात चढलेली आणि जहाज चालविणारे हातही बहुतांशी आमचेच. असे असता या साऱ्या हिशेबात आमचे काय निघाले, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

1940 च्या डिसेंबरात 'गेरसप्पा' कलकत्त्याहून चांदी, बिडाचे लोखंड व चहा घेऊन निघाली. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रीटाउन येथे ती इंग्लंडकडे जाणाऱ्या ताफ्यात सामील झाली. उत्तरेस येता येता वादळाने गाठले. माल जड, जहाज जुने, कोळसा पुरेना. ताफा सोडून आयर्लंडच्या गॉलवे बंदराकडे एकटीने वळण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. 17 फेब्रुवारी 1941 च्या सुमारास रात्री जर्मन पाणबुडी यू-101 हिच्या पाणतीराने तिचा वेध घेतला आणि वीस-एक मिनिटांत ती बुडाली. जहाजावर ऐंशीहून अधिक माणसे होती. एक होडी मात्र त्या लाटांतून निभावली. तिच्यात दुसरा अधिकारी रिचर्ड आयर्स आणि काही गोरे सोबती होते. बाकीचे बहुतेक हिंदी खलाशी.

आपल्या समुद्रात पडलेल्या माणसाचा शत्रू म्हणजे दम आणि लाट. तेथे त्याचा पहिला शत्रू थंडी असते. आपले पाणी बारमाही कोमट, पोहणारा त्यात तासन्‌तास तग धरू शकतो. उत्तर अटलांटिकच्या हिवाळी पाण्यात काही मिनिटांत बोटे बधिर होतात, समोर आलेला दोर हाताला धरवत नाही. मग अंगातली ऊब ओसरते, भान सुटते, आणि बुडण्याआधीच माणूस संपतो. होडीत बसलेल्याचीही सुटका नसते, कारण भिजलेले कपडे आणि वारा तेच काम सावकाशीने करतात. उष्ण देशांतून आलेले, पातळ वस्त्रांतले लस्कर या थंडीपुढे आधी हरले. पाणी संपले, एकेक शव समुद्राच्या स्वाधीन होत गेले. तेराव्या दिवशी होडी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी, कॉर्नवॉलच्या लिझार्ड खडकांपाशी आली, तेव्हा जिवंत होते ते केवळ काहीजण. जमीन हाकेच्या अंतरावर दिसत असता फेसाळ लाटांनी होडी उलटविली. आयर्स तेवढा वाचला. त्याला मानचिन्ह मिळाले आणि ते सर्वथा योग्यच होते.

याच्या पाच महिने आधी 'सिटी ऑफ बनारस' या जहाजाची अशीच गत झाली होती. बाँबवर्षावापासून वाचविण्यासाठी सरकारी योजनेने कॅनडास धाडलेली 90 ब्रिटिश मुले तीत होती. 17 सप्टेंबर 1940 च्या रात्री यू-48 पाणबुडीने तिला आयर्लंडच्या पश्चिमेस शेकडो मैलांवर गाठले. त्या 90 मुलांपैकी 77 दगावली. एकूण बळी सुमारे अडीचशे. या आघाताने इंग्लंड हळहळले आणि मुले परदेशी धाडण्याची ती योजनाच आवरती घेण्यात आली. ही हळहळ खोटी होती असे कोण म्हणेल? तथापि मृतांत जहाजाचे कर्मचारी शंभराहून अधिक होते, आणि त्यांतील बहुसंख्य हिंदी. एका होडीत आठ दिवस काढून वाचलेल्या सहा मुलांची कथा तिकडे घरोघर गेली. त्याच होडीत त्यांच्यासोबत थंडीत कुडकुडणाऱ्या आमच्या लस्करांची कथा कोणी घरी नेली? आपल्या पंचांगाप्रमाणे पितृपक्षाला नुकताच आरंभ झाला होता, आणि काशीचे नाव धारण करणारे जहाज अस्थींसकट तळाशी जात होते. नियतीचा याहून कठोर योगायोग क्वचितच सापडेल.

हे लस्कर कोण होते? सिल्हेट आणि नौखालीचे, तसेच आमच्या रत्नागिरीकडचे मुसलमान, खानपानाच्या विभागात गोव्याचे ख्रिस्ती, मधूनमधून हिंदूही. सारंग, टंडेल, भंडारी, आगवाला ही त्यांच्या हुद्द्यांची नावे. युद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील मनुष्यबळाचा सुमारे चौथा हिस्सा हिंदी होता. त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा, राहण्याची जागा त्याच मानाने अपुरी. 1939 च्या सप्टेंबरात युद्ध पेटताच इंग्लंडच्या बंदरांत या माणसांनी वेतनवाढीसाठी काम थांबविले, तेव्हा शेकडोंना तुरुंगात टाकण्यात आले. सशस्त्र गस्तीवाचून शत्रूच्या टप्प्यात जाणाऱ्या मजुराने मृत्यूची किंमत थोडी वाढवून मागितली, एवढाच त्यांचा गुन्हा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याच घरातून येईल. लढाई इंग्रजांची, हिंदुस्थानला न विचारता व्हाइसरॉयने त्यात ढकलले, त्याच काळात देशात 'ना एक पै, ना एक भाई' ही घोषणा दुमदुमत होती. 'बनारस' बुडाल्याला बरोबर एक महिना होत असता, 17 ऑक्टोबर 1940 रोजी, विनोबांनी पवनारला युद्धविरोधी वैयक्तिक सत्याग्रह आरंभिला. मग साम्राज्याच्या चाकरीत मेलेल्यांचा शोक स्वतंत्र देशाने कशासाठी करावा?

आमचे उत्तर असे की, सत्याग्रही स्वेच्छेने तुरुंगात गेला आणि लस्कर पोटासाठी समुद्रावर गेला. दोघांनाही त्या युद्धाबद्दल कोणी विचारले नव्हते. पहिल्याचा गौरव करण्यासाठी दुसऱ्याला विसरावे लागते, अशी अट स्वातंत्र्याने घातलेली नाही. शिवाय स्वातंत्र्याचा एक अर्थ असाही आहे की, आमचे मृत कोण हे ठरविण्याचा अधिकार आमच्याकडे आला. तो आम्ही बजावला नाही, तर परक्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

सोन्याचांदीच्या बाबतीत राष्ट्रांची स्मरणशक्ती किती तल्लख असते, हे उत्तर ध्रुवाकडच्या बॅरेंट्स समुद्राने दाखवून दिले आहे. 'एडिंबरो' ही ब्रिटिश युद्धनौका 1942 च्या मे महिन्यात तेथे बुडाली. युद्धसामग्रीची किंमत म्हणून रशियाने पाठविलेल्या सोन्याच्या 465 लगडी तिच्यात होत्या. 1981 साली सुमारे 245 मीटर खोलीवरून पाणबुड्यांनी 431 लगडी काढल्या, 1986 साली आणखी 29. शिल्लक पाच, हेसुद्धा जगाला पाठ आहे. त्या जहाजात सुमारे साठ खलाशांचे मरण झाले होते. युद्धसमाधी उकरावी काय, यावर तेव्हा ब्रिटनमध्ये वाद माजला. पुढे 1986 साली युद्धनौकांच्या अवशेषांना संरक्षण देणारा कायदा तेथे झाला. व्यापारी जहाजांना मात्र ते संरक्षण आपोआप मिळत नाही. म्हणजे लस्कराची समाधी समाधी ठरण्यासाठी अजून सिद्धता लागते.

'गेरसप्पा'तून चांदीबरोबर आणखी एक ठेवा निघाला. गाळात, हवेच्या स्पर्शावाचून, 700 हून अधिक पत्रे टिकून राहिली होती. हिंदुस्थानात राहणाऱ्या गोऱ्या मंडळींनी 1940 च्या अखेरीस मायदेशी धाडलेली ती पत्रे जपून सुकविण्यात आली, वाचली गेली, आणि 2018 साली लंडनच्या टपाल संग्रहालयात मांडण्यात आली. सत्तर वर्षे उशिरा का होईना, टपाल पोहोचले. ती टपालपिशवी वाहणाऱ्या खलाशाचे शेवटचे वृत्त त्याच्या गावी पोहोचले का, असे विचारावेसे मात्र कोणाला वाटले नाही.

त्यांची नोंदच नाही, असे आम्ही म्हणत नाही. जहाजावरील गोऱ्यांची नावे लंडनच्या टॉवर हिलवर धातूच्या फलकांत कोरलेली आहेत. येणारा-जाणारा ती बोटाने चाचपू शकतो. सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे स्मारकवहीत आहेत. तिची एक प्रत मुंबईस मस्जिद बंदराजवळच्या खलाशीगृहात आणि दुसरी चितगावला. एकीकडे फलक, दुसरीकडे वही. फलक रस्त्यावरच्या माणसाला वाचावा लागतो; वही कोणी उघडील तरच बोलते.

आमच्या धर्मशास्त्राने अशा मरणाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. देह न सापडल्यास पालाशविधी सांगितला, तिथी ठाऊक नसल्यास सर्वपित्री अमावास्या राखून ठेवली. ज्याचे काहीच हाती लागत नाही त्याचेही नाव घ्यावे, हे त्यामागील तत्त्व. लस्करांपैकी बहुतेक मुसलमान व ख्रिस्ती होते, म्हणून हे तत्त्व त्यांना लागू नाही असे म्हणणे आम्हांस तरी शोभणार नाही. समुद्रावर जाणारा गावचा माणूस ही किनाऱ्याची जात आहे.

म्हणून मागणे साधे आहे. 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून आपण दरवर्षी पाळतो. भाषणे होतात, निर्यातीचे आकडे वाचले जातात. त्या दिवशी मुंबईतील ती वही उघडावी, तीतील नावे देवनागरीत छापून मुरगाव, पणजी, रत्नागिरी, कारवार येथील ग्रंथालयांत ठेवावीत, आणि ज्या घरांत जहाजावरील नोकरीची जुनी पुस्तके वा छायाचित्रे आहेत त्यांच्याकडून माहिती गोळा करावी. या कामास यांत्रिक हात नकोत आणि कोटींची गुंतवणूकही नको. विद्यापीठातील चार विद्यार्थी आणि एक तळमळीचा ग्रंथपाल एवढे पुरे.

हा केवळ जुन्या मढ्यांचा प्रश्न नव्हे. 2024 च्या मार्चमध्ये एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळले आणि तीन निःशस्त्र खलाशी ठार झाले. वाचलेल्यांना आपल्या नौदलाने बाहेर काढले. युद्धे बदलली, शस्त्रे बदलली. दुसऱ्याच्या भांडणात दुसऱ्याचा माल वाहताना मरणारा खलाशी तोच राहिला आहे. आजही कोकण-गोव्याची मुले जगातील प्रत्येक समुद्रावर आहेत. आपण बुडालो तर आपल्या मालाची मोजदाद आधी होणार की आपली, हे जाणून घेण्याचा त्यांना हक्क आहे. 2,792 लगडी मोजणाऱ्या जगाला ऐंशी-पंच्याऐंशी माणसे मोजणे जड जाऊ नये.