कीबोर्डची पट्टी आपल्या गळ्याप्रमाणे



गणपती-नवरात्र आले की नाचणगाव-पुलगावच्या बाजूला भजनाची लगबग सुरू होते. पूर्वी पेटी, टाळ, खंजिरी आणि ढोलकी असली की भागायचे. आता पुष्कळ मंडपांत कीबोर्ड दिसतो. एकाच डब्यातून बासरी, सनई आणि ढोलही वाजतो, हे कसे, असे गटातल्या बाया आम्हाला विचारतात. दुसरी गोष्ट त्या हळूच सांगतात: "कीबोर्डवर गायलं की घसा बसतो." आज या दोन्ही गोष्टी समजून घेऊ.

पेटीत भात्याची हवा पितळेच्या पात्यांना हलवते आणि सूर निघतो. सिंथेसायझरमध्ये हवाही नाही, तारही नाही. तिथे वीज वेगाने वरखाली होते. एका सेकंदात ४४० वेळा झाली तर एक सूर मिळतो, दुप्पट म्हणजे ८८० वेळा झाली तर तोच सूर वरच्या सप्तकात. हा कच्चा आवाज कर्कश असतो. म्हणून तो एका गाळणीतून नेतात. पीठ चाळल्यावर कोंडा मागे राहतो, तसा नको तो तीक्ष्णपणा मागे राहतो. मग आवाज कसा उठावा आणि कसा विरावा, हे ठरवतात. झटकन उठून लगेच विरला तर टिपरीसारखा वाटतो, हळूहळू भरत गेला तर सनईसारखा. सूर, गाळणी आणि चढउतार, एवढीच या यंत्राची मूळ विद्या. आजच्या स्वस्त कीबोर्डमध्ये बहुधा खऱ्या वाद्यांचे आवाज आधीच भरून ठेवलेले असतात.

या विद्येची एक मोठी गोष्ट आपल्या मुंबईत घडली. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलाकार. १९८२ साली त्यांची एक तबकडी एचएमव्हीने काढली. तिच्यात ललत, भूपाळी, यमन, मालकंस असे १० राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. त्यासाठी त्यांनी जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे वापरली.

पहिले यंत्र टीआर-८०८. हे ठेका धरते. त्यावर ओळीने १६ बटणे आहेत. तीनतालाच्या १६ मात्रा आठवा. कोणत्या जागी ढोल आणि कोणत्या जागी झांज, ते बटण दाबून ठरवायचे. मग यंत्र तेच आवर्तन न थकता वाजवत राहते.

दुसरे टीबी-३०३. हे लहानसे यंत्र खर्जाचे सूर वाजवते, एका वेळी एकच. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. आपल्या गाण्यात जिला मींड म्हणतात, तिच्या जवळ जाणारी. पेटीवर मींड येत नाही. हे एक मोठे कारण सांगून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती. ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. म्हणजे यंत्राचा सूर आणि गळ्याचा सूर यांचे भांडण जुनेच आहे.

तिसरे ज्युपिटर-८. ६१ पट्ट्यांचे हे मोठे सिंथेसायझर एका वेळी ८ सूर वाजवते. रागाची सुरावट चरणजित सिंग यांनी यावर हाताने वाजवली. ठेका यंत्राचा, पण राग कसा फुलवायचा हे त्यांच्या बोटांनी आणि कानांनी ठरवले.

तेव्हा ही तबकडी फारशी खपली नाही. पुढे १९८७ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरातून टीबी-३०३ वर वाजवलेले नाचाचे संगीत गाजू लागले. २०१० साली चरणजित सिंग यांची तबकडी परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा लोक चकित झाले. त्यांना आपण नवे समजत होतो, तसे काहीसे मुंबईत ५ वर्षे आधीच वाजून गेले होते! उतारवयात त्यांना परदेशात वाजवायला बोलावणी आली. २०१५ साली ते वारले.

आता घसा बसण्याची गोष्ट. सप्तकात १२ सूर असतात, त्यातला कोणताही 'सा' मानता येतो. पुष्कळ पुरुष काळी एकच्या आसपास गातात, तर पुष्कळ बाया काळी चार किंवा काळी पाचमध्ये. वाजवणारा आपल्या सोयीच्या पट्टीत वाजवतो आणि आपण त्याच्यामागे गळा ताणतो. मग वरचा सूर चिरकतो, आणि लोक म्हणतात, बायांना गाता येत नाही! दोष गळ्याचा नसतो, पट्टीचा असतो. बहुतेक कीबोर्डवर 'ट्रान्सपोज' नावाचे बटण असते. ते एकदा दाबले की सगळे सूर अर्धा सूर वर किंवा खाली सरकतात. वाजवणाऱ्याची बोटे त्याच पट्ट्यांवर राहतात, त्याला नवे काही शिकावे लागत नाही. तेव्हा कार्यक्रमाआधी गाण्यातली सगळ्यात उंच ओळ गाऊन पाहा. ती सहज निघेल तिथेच पट्टी ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. ठेक्याचा वेगही आपणच सांगायचा.

कीबोर्डमध्ये ठेका आहे म्हणून ढोलकीवाल्याला घरी बसवू नका. गाणारी श्वास घ्यायला थांबली तर ढोलकीवाला सांभाळून घेतो. यंत्र थांबत नाही.

गटाची गाणी जपून ठेवायची असतील तर मोठा स्टुडिओ लागत नाही. साधा मोबाईल चालतो. खोलीतला पंखा बंद करा. भिंतीवर आणि दाराला गोधड्या टांगा, म्हणजे आवाज घुमत नाही. मोबाईल तोंडापासून दोन वीत अंतरावर ठेवा. आधी एक कडवे भरून ऐका, मग पूर्ण गाणे भरा. सासू-आजीच्या जात्यावरच्या ओव्या आधी घ्या. त्या कुठल्याही यंत्रात भरून येत नाहीत, आणि त्या म्हणणाऱ्या बाया थकत चालल्या आहेत.

शेवटी एक सांगणे. कीबोर्ड भाड्याने आणा की विकत घ्या, ते बटण कुठे आहे हे गटातल्या निदान दोघींना माहीत असू द्या. पैसे आपण देतो, गातो आपण, तर पट्टीही आपणच सांगावी.