रानातली हत्यारं – भाग ७ : तीरकामठा आणि अस्वल

पोलादपूर मागे पडलं की आंबेनळीचा रस्ता सावित्रीच्या खोऱ्यातून चढणीला लागतो. वळणामागून वळण घेत वाडा-कुंभरोशीला पोचेपर्यंत जिल्हा बदललेला असतो. खाली रायगड, वर सातारा. माथ्यावरून दक्षिणेला जावळीचं आणि त्यापुढे कोयनेचं रान पसरलं आहे. या रानाचं नाव निघालं की शिकारीच्या गप्पा निघतातच, आणि त्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो : नुसत्या तीरकामठ्यानं अस्वल मारता येतं का?

मारता येतं. अमेरिकेत आणि कॅनडात काळ्या अस्वलाची धनुष्यबाणानं शिकार आजही कायदेशीर आहे. हंगाम ठरलेला असतो, परवाना काढावा लागतो. काही हौशी शिकारी कप्प्या लावलेलं आधुनिक धनुष्य बाजूला ठेवून मुद्दाम एकसंध लाकडाचं जुन्या घडणीचं लांब धनुष्य वापरतात. पण तिथलं अस्वल वेगळं आणि आपलं वेगळं. या भागात दोन्ही समजून घ्यायची आहेत : हत्यारही आणि जनावरही.

आधी हत्यार. बंदुकीची गोळी आणि बाण यांचं काम निरनिराळं. गोळी वेगाच्या धक्क्यानं आतली इजा करते. बाणाचा वेग त्या मानानं फारच कमी. बाणाचं धारदार पातं रक्तवाहिन्या कापत आत शिरतं आणि रक्तस्रावानं जनावर मरतं. म्हणून बाण फुप्फुसात किंवा काळजातच जायला हवा. खांद्याच्या जाड हाडावर आपटला तर जनावर नुसतं जखमी होतं. शिकारी त्यासाठी जनावर आडवं, किंबहुना थोडं पाठमोरं होईपर्यंत थांबतो आणि साधारण वीस मीटरच्या आत आल्याशिवाय बाण सोडत नाही. त्यातून अस्वलाची चरबी आणि दाट केस रक्त जिरवून टाकतात, त्यामुळे जमिनीवर माग फारसा पडत नाही. जखमी अस्वल अंधारात हरवलं की हाल त्याचेही होतात आणि शोधायला जाणाऱ्याचेही.

इंग्लंडचं लांब धनुष्य माणसाच्या उंचीएवढं किंवा त्याहून थोडं जास्त असे. ते यू नावाच्या झाडाच्या एकाच लाकडातून काढत : बाहेरच्या अंगाला ताण सोसणारं कोवळं लाकूड, आतल्या अंगाला दाब सोसणारा गाभा. 1545 मध्ये बुडालेलं ‘मेरी रोज’ हे जहाज 1982 मध्ये वर काढलं. त्या जहाजातून अशी शंभराहून अधिक धनुष्यं मिळाली. ती ओढायला शंभर पौंडांच्या वर जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

आपल्या सह्याद्रीत यू नाही, बांबू आहे. बांबूचे चिवट तंतू सालीलगत सर्वांत दाट असतात, म्हणून कामठा तासताना सालीची बाजू जपावी लागते. सातपुड्यातले भिल्ल तर दोरीसुद्धा बांबूच्याच पातळ कामटीची करतात. पाखरांसाठी बोथट टोकाचा बाण, मोठ्या जनावरासाठी लोखंडी पात्याचा. सगळं सामान रानातलं, लोखंड तेवढं लोहाराकडचं.

महाड-पोलादपूरच्या बाजूला तीरकामठा म्हटलं की कातकरी आठवतात. खैराचा कात काढणं हा त्यांचा मूळ धंदा, त्यावरूनच जमातीचं नाव. 1878 च्या वन कायद्यानंतर सरकारी रानातल्या झाडांवर निर्बंध घट्ट होत गेले, काताचा धंदा बसला आणि पुढच्या पिढ्या कोळशाच्या आणि वीटभट्ट्यांच्या कामाला लागल्या. महाराष्ट्रात केंद्र सरकारनं विशेष असुरक्षित ठरवलेल्या तीनच आदिवासी जमाती आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. कातकऱ्यांची शिकार पोटापुरती आणि बहुतेक छोटी : ससा, घूस, पाखरं, ओढ्यातले मासे, खेकडे. अस्वलाच्या वाटेला जाण्यात पोट भरण्यापेक्षा जीव जाण्याची शक्यता जास्त, हे रानात राहणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

कारण आपलं अस्वल उत्तर अमेरिकेतल्या काळ्या अस्वलासारखं वागत नाही. तिथलं अस्वल धोका दिसला की बहुधा पळतं किंवा झाडावर चढतं. आपलं अस्वल वाघाच्या शेजारात वाढलेलं. म्हणून ते पळण्याऐवजी उलटून अंगावर येतं. नजर अधू, कानही फारसे तिखट नाहीत. नाकावरच सगळी भिस्त. वारा उलटा असला तर माणूस अगदी जवळ जाईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. अचानक समोरासमोर आलं की घाबरून हल्ला करतं. हल्ला बहुतेक डोक्यावर आणि चेहऱ्यावर होतो. पाठीवर पिल्लं घेतलेली मादी तर अधिकच धोकादायक.

एरवी त्याचा सगळा जीव वाळवीत. तीन-चार इंची नख्यांनी ते वारूळ फोडतं, फुंकरीनं माती उडवतं, नाकपुड्या मिटून घेतं आणि ओठांचं नळकांडं करून वाळवी ओढतं. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून वाळवी आत जाते. हा फुर्र-फुर्र आवाज रात्रीच्या रानात लांबवर ऐकू येतो. पाठोपाठ जांभळं, उंबरं, मध.

धनुष्यानं अस्वल मारण्याच्या आधुनिक हौसेचं मूळ एका दुःखद कहाणीत आहे. 1911 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलजवळ इशी नावानं पुढे ओळखला गेलेला, ‘याही’ नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस एकटाच बाहेर आला. त्याची सगळी माणसं संपली होती. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्सटन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला आणि बाण मारायला शिकले. शिकारीआधी इशी तंबाखू ओढत नसे, मासे खात नसे, पहाटे ओढ्यात अंघोळ करून अंगाला सुवासिक पाला चोळत असे. जनावराला माणसाचा वास लागू नये यासाठी एवढी तयारी. 1916 मध्ये क्षयानं तो गेला. पोप आणि त्यांचे मित्र आर्थर यंग यांनी 1920 मध्ये यलोस्टोनला संग्रहालयासाठी ग्रिझली अस्वलं बाणांनी मारली, तेव्हा सोबतीला बंदूकवाला वाटाड्या होता. निष्णात धनुर्धरांनाही बंदुकीचा आधार घ्यावा लागला, यातच तीरकामठ्याची मर्यादा दिसते.

आपल्याकडे आता हा प्रश्न कायद्यानं मिटवला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. सापळा लावणं, हाका घालणं, नुसता प्रयत्न करणं हेही शिकारीतच मोडतं. सशावर बाण सोडणंसुद्धा गुन्हाच. आदिवासींना वनहक्क देणाऱ्या 2006 च्या कायद्यानंही परंपरेनं चालत आलेले बाकीचे हक्क मान्य केले, शिकारीचा मात्र स्पष्ट शब्दांत वगळला.

हे योग्यच झालं, असं या लेखमालेचं मत आहे. पण शिकार थांबवताना शिकाऱ्याची विद्याही वाया गेली, हे मात्र खटकतं. वारूळ आज फोडलंय की परवा, पंजा मादीचा की नराचा, वारा कुठून येतोय, हे वाचणारी नजर वीटभट्टीवर कुजते आहे. कोयना आणि चांदोली मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. अशा रानांतल्या गणनेला, पहाऱ्याला, वाटाड्याच्या कामाला आसपासच्या वाड्यांतल्या माणसांना पहिला मान आणि रीतसर पगार मिळायला हवा. राहिला तीरकामठा. साताऱ्याची आदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीतली जगज्जेती झाली. घाटाच्या वर मैदानं आणि प्रशिक्षक आहेत, तर घाटाखालच्या आश्रमशाळांतल्या पोरांपर्यंत ते पोचवणं अवघड नाही.

घाटातून किंवा कोयनेच्या बाजूनं जाताना अस्वल दिसलं तर गाडीतून उतरू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका आणि पिल्लं दिसली तर तिथून हळूच निघा. जखमी जनावर किंवा लावलेला फास आढळला तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक लावा.