मोटारगाडी, अभिजात उघडी : ओळख व पुनःस्थापन

दुमडता येणारे कापडी टप असलेली आणि ऐतिहासिक मूल्यामुळे जतनास योग्य ठरलेली जुनी मोटारगाडी म्हणजे अभिजात उघडी मोटारगाडी होय. अशी गाडी गंजलेल्या अवस्थेत सापडल्यास ती नेमकी कोणती आहे, हे प्रथम ठरवावे लागते व त्यानंतरच तिचे पुनःस्थापन हाती घेता येते. हा क्रम महत्त्वाचा आहे. गाडीची ओळख पटविणारे बरेचसे पुरावे गंजलेल्या पत्र्यावरच असतात व उतावळेपणाने केलेल्या दुरुस्तीत ते कायमचे नष्ट होतात.

प्रकार व इतिहास : मध्यम आकाराच्या दोन दारी गाडीत मोठे आठ सिलिंडरांचे व्ही-आकाराचे इंजिन बसविण्याची प्रथा अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात रूढ झाली. या गाड्यांना ‘मसल कार’ हे नाव मिळाले. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओ या गाडीत ३८९ घन इंच (सु. ६·४ लिटर) धारकतेचे इंजिन होते व ती उघड्या स्वरूपातही मिळत असे. १७ एप्रिल १९६४ रोजी विक्रीस आलेली फोर्ड मस्टँग आकाराने लहान असली, तरी तिची मोठ्या इंजिनाची रूपे याच परंपरेत गणली जातात. विम्याचे वाढते दर, धूर-उत्सर्जनावरील निर्बंध व १९७३ चे तेलसंकट यांमुळे हा प्रकार मागे पडला.

भारतात अशा गाड्या फार थोड्या आल्या. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून गाड्यांची जुळणी करीत असे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने कुर्ला येथे डॉज, प्लिमथ व डिसोटो या अमेरिकन गाड्या जुळविल्या. परंतु १९५० नंतरच्या दशकातील धोरणामुळे केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्या भारतातून निघून गेल्या व आयातीवर कडक निर्बंध आले. त्यानंतरच्या अमेरिकन गाड्या मुख्यतः परदेशी वकिलाती व परदेशातून परतणारे लोक यांच्यामार्फत एकेकट्या आल्या. त्यामुळे येथे सापडणाऱ्या अशा गाडीचे सुटे भाग व माहितगार कारागीर दोन्ही दुर्मिळ असतात.

ओळख : बोधचिन्हे, चाकांच्या टोप्या, जाळी व दिवे सहज बदलता येतात, म्हणून केवळ त्यांवर विसंबता येत नाही. खरा आधार कारखान्यात ठोकलेल्या क्रमांकांचा असतो. पहिल्या क्रमांकाच्या मस्टँगवरील ‘५ एफ ०८ एफ १००००१’ ही अक्षरांकमाला याचे चांगले उदाहरण आहे. तीतील ५ हा अंक १९६५ हे नमुनावर्ष, पहिला ‘एफ’ डिअरबॉर्न येथील कारखाना, ०८ हे उघडी बांधणी, दुसरा ‘एफ’ २६० घन इंचांचे इंजिन आणि अखेरचे सहा अंक अनुक्रम दर्शवितात. ही उघडी गाडी डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. १९६६ च्या शेव्हरोले शेव्हेल गाडीत १३८ हे आरंभीचे अंक एसएस ३९६ ही मालिका व त्यानंतरचे ६७ हे अंक उघडी बांधणी दाखवितात. १७ असल्यास गाडी मूळची पक्क्या टपाची असते. १९६९ पासून मात्र हीच मालिका केवळ ऐच्छिक साधनसंच म्हणून विकली जाऊ लागल्याने एकट्या क्रमांकावरून ती ओळखता येत नाही. १९६८ पासून अमेरिकेतील गाड्यांचा क्रमांक पुढच्या काचेतून दिसेल अशा ठिकाणी लावलेला असतो. १९८१ पासून तेथे सतरा अक्षरांकांची पद्धत आली.

क्रमांकपट्टी दुसऱ्या गाडीवरून आणून लावलेली असू शकते, म्हणून तिची सांगड इतर खुणांशी घालावी लागते. जनरल मोटर्सच्या इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर महिन्याचे अक्षर, दिवस व वर्षाचा शेवटचा अंक असतो. ही तारीख गाडीच्या जुळणीनंतरची निघाल्यास इंजिन मागाहून बसविलेले आहे हे सिद्ध होते. बांधणीही साक्ष देते. टप नसल्याने कमी झालेली ताठरता भरून काढण्यासाठी शेव्हेलच्या उघड्या गाडीची चौकट चारी बाजूंनी बंद पेटीसारखी केलेली असते, तर मस्टँगच्या दारांखालील पन्हाळीत जादा पत्रे असतात. पक्के टप कापून उघडी केलेली नकली गाडी या मजबुतीच्या अभावावरून ओळखू येते.

महाराष्ट्रात नोंदणीपुस्तकाचा शोधही घ्यावा लागतो. ‘एमएच’ ही अक्षरे १९८९ पासूनची होत. त्यापूर्वीच्या गाड्यांवर वेगळी अक्षरे आढळतात. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० पासून महाराष्ट्रात असल्याने तेथील फार जुन्या गाडीचे कागद तीन राज्यांच्या दप्तरांत विखुरलेले असणे शक्य असते.

गंजाचे स्वरूप : लोखंड, पाणी व ऑक्सिजन यांच्या विक्रियेने सजल लोह ऑक्साइड तयार होते. त्याचे आकारमान मूळ धातूपेक्षा बरेच अधिक असल्याने पत्र्यांचे जोड फुगतात व फाटतात. क्षारांमुळे विक्रियेस वेग येतो. म्हणून मुंबई व कोकणातील गाड्यांचा पत्रा सर्वांगाने झडतो. परभणी जिल्ह्यातील पिंगळीसारख्या समुद्रापासून दूरच्या गावी हवा वर्षाचा बराच काळ कोरडी असते. तेथे गोठ्यात वा झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीचे वरचे पत्रे पुष्कळदा धड राहतात. परंतु काळी माती पावसाळ्यानंतरही ओल धरून ठेवीत असल्याने जमिनीलगतचे भाग आतून कुजतात. उघड्या गाडीत फाटक्या टपातून गळलेले पाणी सतरंजीखाली साचते व निचऱ्याची भोके मातीने बुजलेली असल्यास दारांखालील पन्हाळी प्रथम जातात. टपाचा आधार नसल्याने गाडीचा सर्व भार याच पन्हाळींवर असतो. त्यामुळे वरून देखणी दिसणारी गाडी मधोमध वाकलेली असू शकते. दार उघडून बंद करताना ते खांबाला घासत असल्यास ही शंका घ्यावी.

पुनःस्थापन : काम सुरू करण्यापूर्वी सर्व बाजूंची छायाचित्रे घेतात, मोजमापे नोंदवितात व सुटा केलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ठेवतात. दारांच्या चौकटीत तात्पुरते आडवे गज जोडल्याशिवाय पन्हाळी कापू नयेत. अन्यथा चौकट दबते व पुढे दारे कधीच नीट बसत नाहीत. कुजलेला भाग धड धातूपर्यंत कापून त्याच जाडीचा पत्रा वितळजोडकामाने बसवितात. उष्णतेने पत्रा वेडावाकडा होऊ नये म्हणून जोड थोड्या थोड्या अंतराने घेतात. वाळूच्या झोताने जाड चौकट स्वच्छ होते, मात्र पातळ पत्रे त्याने वाकतात. त्यांसाठी सौम्य फॉस्फोरिक अम्ल वापरतात. त्यामुळे गंजाचे रूपांतर लोह फॉस्फेटात होते. क्रमांक ठोकलेल्या जागी झोत किंवा घासणी यंत्र वापरू नये.

अडकलेले इंजिन जोर लावून फिरवू नये. सिलिंडरांत पातळ तेल घालून काही दिवस मुरू द्यावे व मग ते हातानेच हलवून पाहावे. ब्रेकचे द्रवचलित भाग व विजेच्या तारा वरून चांगल्या दिसल्या तरी तपासून गरजेनुसार नव्या घालणे सुरक्षिततेसाठी अपरिहार्य असते. या गाड्या शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनविलेल्या होत्या. भारतात ते २००० साली बंद झाल्याने झडपांच्या बैठका कठीण धातूच्या करून घेणे इष्ट ठरते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुने रबर खराब होत असल्याने नळ्याही बदलाव्या लागतात.

जतनाचे तत्त्व व कायदा : ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना १९६६ मध्ये झाली. त्याने स्वीकारलेल्या तोरिनो सनदेत आहे ते टिकविण्यास नव्याने घडविण्यापेक्षा अग्रक्रम दिलेला आहे. सर्व पत्रे नवे घालून चकचकीत केलेली गाडी रस्त्यावर शोभते. पण मूळ रंगाचा थर, कारखान्यातील खुणा व वापराच्या खाणाखुणा गेल्यावर ती इतिहासाचे साधन राहत नाही. हैदराबादच्या निजामासाठी बनविलेली १९१२ ची पिवळी रोल्स-रॉइस आज चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. तिचे मोल तिच्या झळाळीपेक्षा ती तीच गाडी असण्यात आहे.

भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटारवाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. असे वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, शर्यतफेरी, इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्य किंवा व्यापारी वापरास मनाई आहे. चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट असल्याने पुनःस्थापनापूर्वी केलेली ओळख व तिची लेखी नोंद यांना कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्व प्राप्त झाले आहे.