संगणकावरील शुद्धलेखन आणि शब्दकोश

नर्मदाच्या या सुरतेत आपली मुले शाळेत गुजराती 'कवि', 'गुरु' शिकतात. मराठीत तेच शब्द 'कवी', 'गुरू' होतात आणि समासात पुन्हा ऱ्हस्व: 'कविराज', 'गुरुदेव'. दोन्ही रीती आपापल्या जागी शुद्ध. पण एकाच हाताला दोन वळणे लागली की लेखनात सरमिसळ होते. तिथे संगणकाची मदत घ्यावी.

लिब्रेऑफिस रायटर विनामूल्य मिळते. त्यात मराठी शब्दसंग्रहाचे एक्स्टेन्शन बसवा. मग टूल्स, ऑप्शन्स या मार्गाने भाषेच्या सदरात जाऊन मराठी निवडा. तिथे हिंदी राहिली, तर आपली मराठी हिंदीच्या कसोटीवर तपासली जाईल. एफ ७ दाबले की मजकूर क्रमाने तपासला जातो.

तांबडी रेघ म्हणजे चूकच असे नाही. तो शब्द यादीत नाही, एवढेच. आपली आडनावेही तांबडी दिसतील. उलट, १ मेच्या निमंत्रणात 'महाराष्ट्र दीन' पडले तरी यंत्र गप्प राहील, कारण 'दीन' हाही शब्दच. अर्थ मात्र गरीब.

म्हणून शब्दकोश हवा. मोल्सवर्थचा १८५७चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. त्यांतून अर्थ घ्यावा. लेखन मात्र १९६२ नंतरच्या नियमांनुसार करावे, कारण हे कोश त्याआधीचे आहेत.

'अ‍ॅड टू डिक्शनरी' दाबण्यापूर्वी शब्द पडताळून पाहा. यादीत एकदा शिरलेली चूक यंत्र पुन्हा दाखवत नाही.