कुपीतलं औषध खरंच काम करतंय का?

येत्या 15 सप्टेंबरला जागतिक लिम्फोमा जागृती दिन. त्या निमित्ताने मानेतल्या, काखेतल्या गाठींबद्दल भरपूर बोललं जाईल. नाकात सुरू होणाऱ्या एनके/टी-सेल लिम्फोमाचं नाव मात्र क्वचितच निघतं. विषाणूग्रस्त पेशींचा फडशा पाडणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पेशीच यात बहुधा बेलगाम वाढतात. एक नाकपुडी चोंदते, रक्ताळलेल्या खपल्या पडतात, पुढे टाळूला भोकही पडतं. सायनस समजून महिने जातात, कधी म्युकरमायकोसिसची शंका येते. तुकडा काढला तरी हाती मृत ऊतीच लागते आणि बायॉप्सी पुन्हा करावी लागते.

इतर अनेक लिम्फोमांना लागू पडणारी ‘चॉप’ केमोथेरपी इथे तोकडी ठरते. या पेशींवरचा पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप ‘चॉप’मधलं डॉक्सोरुबिसिन बाहेर फेकून देतो. एल-अ‍ॅस्पॅराजिनेजपुढे मात्र त्याचं काही चालत नाही, कारण हे एन्झाइम पेशीच्या बाहेरच काम करतं. ते रक्तातलं अ‍ॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल संपवतं. निरोगी पेशी ते स्वतः तयार करतात. या पेशींना ते पुरेसं जमत नाही आणि त्या उपाशी मरतात. 1953 साली न्यूयॉर्कमध्ये जॉन किड यांना गिनीपिगच्या रक्तद्रवामुळे उंदरांमधला लिम्फोमा आटताना दिसला, तिथून हा शोध सुरू झाला. वैद्यकातल्या इतक्या देखण्या कल्पना फार थोड्या आहेत.

पूर्व आशियातल्या डॉक्टरांनी अ‍ॅस्पॅराजिनेजला डेक्सामेथासोन, मेथोट्रेक्सेट, आयफॉस्फमाइड आणि इटोपोसाइडची जोड देऊन ‘स्माइल’ उपचार बेतला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आजार पसरलेल्या, उलटलेल्या किंवा औषधांना दाद न देणाऱ्या 38 रुग्णांपैकी 79 टक्के रुग्णांना गुण आला. पण 92 टक्के रुग्णांच्या संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरल्या. म्हणून हा उपचार अनुभवी केंद्रातच व्हावा. आजार नाकापुरता असेल तर रेडिएशन टाळून चालत नाही.

आपल्याकडची खरी चिंता वेगळीच आहे. नातेवाईक थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून अ‍ॅस्पॅराजिनेजची कुपी जिवापाड जपत वॉर्डात आणतात. तिच्यातलं एन्झाइमच कमजोर असेल तर? मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी 2020 मध्ये काही जेनेरिक अ‍ॅस्पॅराजिनेजची सक्रियता कमी असल्याचं दाखवून दिलं. त्यांचा अभ्यास रक्ताच्या कर्करोगाच्या बालरुग्णांचा होता, पण औषध तेच. स्वस्त औषध हवंच. निकामी औषध कुठल्याही भावात महागच. सरकारने प्रत्येक बॅचची सक्रियता तपासायला हवी. तोवर रुग्णाच्या माणसांनी डॉक्टरांना एवढं जरूर विचारावं: इंजेक्शननंतर रक्तातली अ‍ॅस्पॅराजिनेजची पातळी मोजणार आहात का?