मेजर, तुमचे कार्ड काढले आहे का?

आमच्या सातारा जिल्ह्यात सैन्यातून निवृत्त होऊन आलेल्या प्रत्येकाला गावकरी 'मेजर' म्हणतात. तो शिपाई म्हणून परतलेला असो की हवालदार म्हणून, चावडीवर, पारावर, एस.टी.च्या थांब्यावर तो मेजरच. या एका शब्दात गावाने दिलेला मान आहे. ज्या जिल्ह्यातल्या अपशिंगे या एकाच गावातून पहिल्या महायुद्धात शेचाळीस जण कामी आले, तिथे हा मान असणे साहजिकच आहे. पण मानाने रक्तदाब उतरत नाही आणि सांधेही दुखायचे थांबत नाहीत. त्यासाठी औषध लागते, आणि औषधाला पैसा लागतो. तो पैसा सरकारने ठेवलेला असतानाही कित्येक मेजर तो घेत नाहीत, कारण त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. न सांगणाऱ्यांत मीही एक होतो, म्हणून आजचा हा लेख.

तोफखान्यातून हवालदार म्हणून 1994 साली निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात बारा-तेरा वर्षे येत होते. रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला स्वतःच्या पैशाने घ्यायचे. कानाने कमी ऐकू यायचे, त्यामुळे मला दोनदा सांगावे लागे. मी ते वयाच्या खात्यावर टाकले. 2011 सालच्या उन्हाळ्यात एके दिवशी पहाटे त्यांच्या छातीत दुखू लागले. मी तपासून लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे अँजिओप्लास्टी झाली, माणूस वाचला. बिल दीड लाखाच्या वर गेले. मुलाने दोन म्हशी विकल्या, उरलेले पाहुण्यांकडून उसने घेतले.

पंधरा दिवसांनी ते तपासणीला आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तिथला कारकून विचारत होता, ईसीएचएसचे कार्ड आहे का म्हणून. ते काय असतं हो?"

मला उत्तर देता आले नाही. योजनेचे नाव मी ऐकले होते, पण कधी चौकशी केली नव्हती. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की, ही योजना 2003 सालापासून सुरू आहे आणि 1 जानेवारी 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना तिची वर्गणीही भरावी लागत नाही. म्हणजे आठ वर्षे या माणसाचा उपचार फुकट होऊ शकत होता. एक अर्ज तेवढा करायचा होता. बारा वर्षांत मी त्यांना एकदाही विचारले नव्हते, "मेजर, तुमचे कार्ड आहे का?"

योजना आहे तरी काय?

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस, 1 एप्रिल 2003 पासून लागू झाली. त्यापूर्वी निवृत्त सैनिकाला लष्करी रुग्णालयावर अवलंबून राहावे लागे, आणि खेड्यातल्या माणसाला ते लांब पडे. या योजनेत निवृत्तिवेतन घेणारा माजी सैनिक, त्याची पत्नी, अवलंबून असलेली मुले आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेच्या आतले आई-वडील यांना उपचार मिळतात. सैनिकाच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी पत्नीही पात्र असते. वर्गणी एकदाच भरायची असते, दरवर्षी हप्ता नाही. युद्धातील शहिदांच्या पत्नींना ती वर्गणीही माफ आहे. 1 एप्रिल 2003 नंतर निवृत्त झालेल्यांची वर्गणी निवृत्तीच्या वेळीच कापून घेतली जाते. तरीही पैसे कापले गेले, पण कार्डच काढले नाही, अशी माणसे मला भेटली आहेत.

देशभर या योजनेचे सव्वाचारशेच्या आसपास दवाखाने आहेत. त्यांना पॉलिक्लिनिक म्हणतात. रोजची औषधे, तपासण्या, दात दाखवणे ही कामे तिथे होतात. मोठा आजार असला की पॉलिक्लिनिकचा डॉक्टर चिठ्ठी देतो आणि योजनेच्या यादीतील खाजगी रुग्णालयात पैसे न भरता उपचार होतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. छातीत दुखणे, अर्धांगाचा झटका, अपघात अशा वेळी चिठ्ठीच्या मागे धावू नये. जवळचे चांगले रुग्णालय गाठावे. रुग्णालय यादीतले नसेल तर घरच्यांनी अठ्ठेचाळीस तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे आणि बिले, अहवाल, डिस्चार्जचा कागद जपून ठेवावा. परतावा योजनेच्या ठरलेल्या दराने मिळतो. सगळे बिल मिळेलच असे नाही, पण काहीच न मिळण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

फौजी माणसाचे आजार

सैनिक साधारणपणे चाळिशीच्या आतबाहेर घरी येतो. रोज पहाटे धावणारा माणूस एकदम शेताच्या बांधावर किंवा सुरक्षारक्षकाच्या खुर्चीवर बसतो. व्यायाम सुटतो, जेवण मात्र तेच राहते. चार-पाच वर्षांत पोट सुटते आणि साखर, रक्तदाब मागे लागतात. "मला काय होणार, मी फौजी आहे" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, आता ते ऐकले की मी आधी रक्तदाबाचे यंत्र काढतो. निवृत्तीनंतर रोज पाऊण तास चालणे आणि वर्षातून एकदा साखर, रक्तदाब तपासणे प्रत्येकाने करावे.

तोफा, रणगाडे, गोळीबार यांच्या जवळ नोकरी झालेल्यांचे कान हळूहळू जातात. मोठ्या आवाजाने आतल्या कानातील नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. सुरुवातीला बारीक, उंच आवाज ऐकू येत नाहीत. बायकोचे, नातवंडांचे बोलणे नीट कळत नाही, पण पुरुषाचा भारी आवाज कळतो. म्हणून घरात "मुद्दाम ऐकत नाही" असे भांडण होते. कानात सतत शीळ वाजल्यासारखे होते. यावर कानात तेल घालणे हा उपाय नाही. श्रवणचाचणी करून यंत्र बसवावे. आमच्या हवालदारांनी शेवटी यंत्र बसवले, तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "वीस वर्षांनी माझं बोलणं यांना एका हाकेत कळलं."

सियाचीनसारख्या ठिकाणी बर्फात राहून ज्यांच्या बोटांना हिमदंश झाला, त्यांना ती बोटे पुढेही थंडीत दुखतात, बधिर होतात. अशांनी विडी-सिगारेट कटाक्षाने सोडावी, कारण तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. गुडघे आणि कंबर हे तर पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढलेल्या प्रत्येकाचे दुखणे आहे.

आणखी दोन गोष्टी कोणी आपणहून सांगत नाही. पहिली दारूची. कँटीनची बाटली स्वस्त मिळते म्हणून ती रोजची होऊ देऊ नये. दुसरी मनाची. रात्री दचकून उठणे, फटाक्याच्या आवाजाने घाम फुटणे, लहानशा कारणावरून घरात संताप करणे ही लक्षणे काही वेळा सीमेवर पाहिलेल्या प्रसंगांची असतात. हा भित्रेपणा नव्हे आणि वेडही नव्हे. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहे. 14416 या क्रमांकावर 2022 सालापासून सरकारची मोफत मानसिक आरोग्य सेवा आहे. दवाखान्यात येण्याचा संकोच वाटत असेल, तर निदान फोन तरी करावा.

अपंगत्वाचे निवृत्तिवेतन

सैनिकाचा आजार किंवा इजा सेवेमुळे झालेली असेल, किंवा सेवेमुळे बळावलेली असेल, तर नियमाप्रमाणे त्याला अपंगत्वाचे वेगळे निवृत्तिवेतन मिळू शकते. साधारणपणे वीस टक्के अपंगत्व त्यासाठी लागते. ते वैद्यकीय मंडळ ठरवते. इथे माझ्या व्यवसायबंधूंचा शब्द मोलाचा असतो. मंडळासमोर सांगितले नाही ते कागदावर येत नाही, आणि कागदावर नाही ते पुढे सिद्ध करणे फार अवघड जाते. घरी जाण्याच्या घाईत "सब ठीक है साब" म्हणून मोकळे झालेले कितीतरी जण आज पस्तावतात. निवृत्तीच्या वाटेवर असलेल्या तरुणांनी हे लक्षात ठेवावे. कानाची शीळ, गुडघ्याची कळ, जुनी जखम, सगळे सांगावे आणि नोंद करून घ्यावे.

मंडळाने नाकारले म्हणजे सगळे संपले असे नाही. अपील करता येते. सशस्त्र सेना न्यायाधिकरण 2009 पासून काम करते आहे आणि त्याचे एक पीठ मुंबईत आहे. 2013 साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस निरोगी होता असे धरून चालावे, आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर आहे आणि संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतर नियमही बदलले आहेत, 2023 साली नवे आले. म्हणून आपले प्रकरण जाणकाराला दाखवूनच पाऊल उचलावे.

अपंगत्व आले म्हणजे आयुष्य संपले असेही नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्यांनी पोहणे सुरू केले आणि 1972 साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धेतले ते भारताचे पहिले सुवर्ण. सरकारने त्यांना पद्मश्री दिली ती 2018 मध्ये. शेहेचाळीस वर्षांनी का होईना, दिली.

कागदातले नाव

आमचे हवालदार 2019 मध्ये गेले. कार्ड निघाल्यापासूनची त्यांची शेवटची वर्षे औषधाच्या काळजीशिवाय गेली, एवढे समाधान आहे. पण त्यांच्या पत्नीचे हाल पुढे झाले. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. पलटणीच्या नोंदीत त्यांचे माहेरचे नाव होते, आधार कार्डावर सासरचे. दोन्ही एकच बाई हे सिद्ध करण्यात अकरा महिने गेले. तोपर्यंत कुटुंब निवृत्तिवेतन बंद. त्यांना मधुमेह. एक दिवस साखर चारशेच्या पुढे गेली म्हणून त्यांना आणले, तेव्हा कळले की, बाई दोन वेळची गोळी एकच वेळ घेत होत्या, पैसे पुरावेत म्हणून. मुलाला बोलल्या नव्हत्या, मलाही नाही. शेवटी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका जाणत्या माणसाने कागद मार्गी लावले.

म्हणून माजी सैनिकांना कळकळीची विनंती. आजच घरातली पेटी उघडा. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा पी.पी.ओ. काढा. पत्नीचे नाव, जन्मतारीख, मुलांची नावे आधार कार्डाशी जुळतात का पाहा. जुळत नसतील, तर हयातीतच दुरुस्त करून घ्या. हयातीचा दाखला दरवर्षी वेळेवर द्या. कागद कुठे ठेवले आहेत ते पत्नीला दाखवून ठेवा. हे काम एका दुपारचे आहे. ते राहून गेले, तर तिचे वर्ष जाते.

ज्यांना निवृत्तिवेतनच नाही, अशा हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक मंडळाकडून ध्वजदिन निधीतून औषधोपचारासाठी मदत मिळू शकते. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. 1949 सालापासून 7 डिसेंबरला आपण जो छोटा ध्वज छातीला लावतो, त्याचे पैसे अशा कामी येतात. म्हणून त्या दिवशी डब्यात नाणे टाकताना हात आखडता घेऊ नये.

आता माझ्या दवाखान्यात केसपेपरवर नाव, वय, गाव यांच्या खाली एक ओळ जास्त आहे: 'सैन्यात नोकरी होती का? घरात कोणी होते का?' कंपाउंडर ती न चुकता विचारतो. गेल्या काही वर्षांत या ओळीने बऱ्याच जणांची कार्डे निघाली. माझ्या व्यवसायबंधूंनीही ही ओळ आपल्या केसपेपरवर घालावी. आणि वाचकहो, तुमच्या आळीत एखादे मेजर राहत असतील, तर आज संध्याकाळी रामराम झाल्यावर त्यांना एवढेच विचारा, "मेजर, तुमचे कार्ड काढले आहे का?"